मी सांगेपर्यंत सोडायचं नाही

बाईंनी माझ्या मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता. "आज सकाळी काय खाल्लंत?"

समितीतले बाकीचे दोघे माझ्या पदव्यांचे कागद चाळत होते. मी त्या कागदांच्या तयारीने गेले होते, या प्रश्नाच्या नव्हे. म्हणाले, "पोहे. आणि एक फळ."

"कुठलं फळ?"

"केळं."

"खोटं," बाई म्हणाल्या. "पहाटेच्या एसटीने आलाय तुम्ही. स्टँडवर चहा घेतलाय आणि त्याबरोबर क्रीमरोल. ओठाला साखर आहे अजून."

मी भर मुलाखतीत पदराने ओठ पुसले. नोकरी गेली असं धरून घरी आले, तर आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र. पुढे दोन-तीन वर्षांनी धीर करून विचारलं, की मी खोटं बोलले तरी मला कसं घेतलंत? त्या म्हणाल्या, "खोटं बोललात म्हणूनच घेतलं. आहारशास्त्राची एमएस्सी झालेली बाईसुद्धा खाण्याबद्दल खोटं बोलते, हे एकदा स्वतःच्या अंगाला लागलं की ती रुग्णाला खोटारडा म्हणत नाही."

कोपरगावातलं आमचं कॉलेज मुलींचं. आमचा आहारशास्त्र विभाग म्हणजे दोन खोल्या आणि एक मोठं स्वयंपाकघर. बाई विभागप्रमुख. ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या, अंगावर सुती साडी आणि पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. ख्रिस्ती होत्या, त्यामुळे कुणी नमस्कार केला तरी उत्तर "सलाम"च असायचं. सलामनंतर लगेच, "जेवलात का?" हे आपल्याकडे सगळेच विचारतात आणि उत्तराची वाट कुणी बघत नाही. बाई बघायच्या. मग "काय?", मग "किती?", आणि शेवटी "कुणी वाढलं?" बाई व्हरांड्यातून येताना दिसल्या की आमचे प्राचार्य मागच्या जिन्याने जायचे, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्या वर्षाच्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, उद्या येताना घरातली वाटी आणा. नवी नको, रोज आमटीला घेता ती. दुसऱ्या दिवशी टेबलावर वाट्यांची जत्रा भरायची. बाई एकेक वाटी पाण्याने काठोकाठ भरून मोजपात्रात ओतायच्या आणि आकडा फळ्यावर लिहायच्या. कुणाची शंभर मिलिलिटरची, कुणाची अडीचशेची, आणि संवत्सरच्या एका मुलीची तर जवळजवळ चारशेची. तिच्या घरात वाटी म्हणजे आजोबांचा दूध प्यायचा वाडगा होता.

"पुस्तकात काय लिहिलंय? एक वाटी भात," बाई फळ्यावर खडू आपटत म्हणायच्या. "आता सांगा, कुणाची वाटी?"

वर्गात हशा व्हायचा. बाई हसत नसत. हसू संपेपर्यंत खडू हातात धरून उभ्या राहायच्या, आणि मग ज्या मुलीची वाटी सगळ्यात मोठी तिलाच विचारायच्या, "तुझ्या आजोबांना साखर आहे का गं?" एका वर्षी अशीच एक मुलगी "हो" म्हणाली आणि रडायलाच लागली. मी हबकले. माझी सगळी एमएस्सी वाटी या मापावर उभी होती आणि मला कधी हा प्रश्न पडला नव्हता.

त्यांच्या डब्याचं मात्र मला बरीच वर्षं कोडं होतं. बाई जेवताना झाकण उभं धरायच्या, शाळेत पोरं पेपर झाकतात तसं. आमच्यात बसायच्या, बोलायच्या, पण डबा दिसू देत नसत. आम्हा बायकांत यावर खूप तर्क चालले. कुणी म्हणे मटण असेल, आपल्याला कसंतरी वाटू नये म्हणून झाकतात. एकदा वाऱ्याने खिडकी आपटली, बाई दचकल्या, झाकण पडलं. डब्यात उकडलेला दुधी होता. नुसता. मीठही नसलेला. ते कळलं, कारण मी धिटाईने एक फोड उचलून तोंडात टाकली आणि मला ती गिळवेना.

"तुम्हाला काही होतंय का बाई?" मी घाबरून विचारलं.

"मला काय धाड भरलीय? शनिवारी त्या वैजापूरच्या मास्तरांना हा चार्ट द्यायचाय. किडनीचा. सात दिवस खाऊन बघतेय." मग झाकण पुन्हा उभं धरत म्हणाल्या, "कालपासून माझा जीव लोणच्यात अडकलाय. मास्तर तर बारा महिने खाणार."

म्हणजे शनिवारच्या मोफत सल्लाकेंद्रात येणाऱ्या माणसाला काही अवघड पथ्य लिहून द्यायचं, तर ते त्या आधी स्वतः आठवडाभर खायच्या. मला हे वेडाचं लक्षण वाटलं, आणि मी तसं स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं. आज ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. बाईंच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना विद्यापीठाने आमच्या विषयाचा नवा अभ्यासक्रम करायला घेतला. जुना अभ्यासक्रम म्हणजे माळ्यावरचं सामान झालं होतं, दर काही वर्षांनी कुणी नवा धडा आणून टाकायचं आणि जुना कुणीच काढायचं नाही. या वेळी ठरलं की आधी मूळ संकल्पना शोधायच्या. आहारतज्ज्ञाला बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण हे आलंच पाहिजे, असं काय काय आहे? त्याभोवती मग सगळं शिकवणं बांधायचं. अकरा जणांची समिती झाली. प्रत्येकाने आपल्या मते मूळ संकल्पना लिहून पाठवायच्या, मग सगळ्यांच्या एकत्र यादीला प्रत्येकाने घरी बसून एक ते पाच गुण द्यायचे. नावं गुप्त. सरासरीत चारच्या खाली गेलं ते गळालं. पण गळालेलं कुणाला फारच महत्त्वाचं वाटलं, तर कारण लिहून पुढच्या फेरीत पुन्हा मांडता येईल. अशा तीन फेऱ्या. मी त्या समितीची सचिव, म्हणजे गुणांची बेरीज माझ्याकडे.

पहिली बैठक आमच्या कॉलेजात झाली, कारण बाईंनी जेवणाची जबाबदारी घेतली. समितीचे अध्यक्ष पुण्याहून आले होते. मोठे गृहस्थ, त्यांचं पुस्तक आम्ही सगळेच शिकवत होतो. बाकीचे नाशिक, संगमनेर, नगर असे ठिकठिकाणचे. दुपारी ताटं आली. बिनमिठाची चपाती, दोनदा पाणी काढलेली भाजी, चमचाभर डाळ, आणि प्रत्येकाच्या ताटाजवळ मोजून अर्धा पेला पाणी.

सगळे ताटाकडे बघत राहिले. अध्यक्षांनी दोन घास खाल्ले आणि हसत म्हणाले, "मॅडम, एखादी लोणच्याची फोड मिळेल का?"

"नाही मिळणार," बाई म्हणाल्या. "आणि तो अर्धा पेला पाणी पाच वाजेपर्यंत पुरवायचंय सर."

"हा काय प्रकार आहे?"

"तुमच्या पुस्तकातलाच किडनीचा चार्ट आहे. शेवटून दुसरं प्रकरण."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. संगमनेरच्या बाई खाली मान घालून जेवत होत्या, त्यांचे खांदे हलत होते. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला, पण ते सज्जन, ताट संपवलं त्यांनी. साडेतीन वाजता मात्र ते हळूच उठून फाटकाबाहेरच्या टपरीवर गेले. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि वहीत वेळ लिहून ठेवली. "दोन तास चाळीस मिनिटं," मला म्हणाल्या. "आणि आपण रुग्णाला विचारतो, का हो, दोन दिवसांत पथ्य मोडलंत?"

त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, या बाईंची आता समितीतून हकालपट्टी होणार. झाली नाही. पण त्यांनी काय संकल्पना पाठवल्या हे पाहिलं तेव्हा मी पुन्हा चाट पडले. बाकी दहा जणांनी पाच-पाच, सात-सात पाठवल्या होत्या. अन्नघटकांचं शरीरात काय होतं, आहाराचं मूल्यमापन, समुपदेशन, व्यावसायिक नीती, अन्नसुरक्षा. बाईंनी एकच पाठवली होती. "पथ्य कधी सुटतं."

एवढंच. चार शब्दही नाहीत.

पहिल्या फेरीत तिला सगळ्यात कमी गुण मिळाले. ते देणाऱ्यांत मी होते. मी सरळ एक दिला. नावं गुप्त होती, त्यामुळे मला धास्ती नव्हती. माझं म्हणणं असं, की वाटी, मापं, चव, यावर या बाईंनी रान उठवलं असतं तर समजू शकले असते. पण पथ्य सुटणं? ते काय शिकवायचं? पथ्य तर रुग्ण दुसऱ्या दिवशी स्वतःच सोडतो. आमच्या धंद्यातलं सगळं दुखणं ते पाळत नाहीत हेच आहे. दुसऱ्या फेरीत बाईंनी तेच पुन्हा मांडलं. नियमाप्रमाणे कारण लिहायचं होतं, त्या रकान्यात लिहिलं, "कारण आहे." मी पुन्हा एक दिला. चेष्टेने स्टाफरूममध्ये म्हणाले, "बाई, तुमच्या निवृत्तीची तारीख जवळ आलीय म्हणून तुम्हाला सगळ्याचीच सुटायची तारीख हवीय."

बाईंनी हातातली वही मिटली. म्हणाल्या, "रविवारी मोकळ्या आहात? चर्च झालं की निघू. तिसगावला."

इथे थोडं मागं जायला हवं. त्याच्या आधीच्या दिवाळीत आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना एक काम दिलं होतं. आपापल्या गावात पाच वयस्कर माणसं गाठायची आणि आदल्या दिवशी काय खाल्लं ते विचारून तक्ता भरायचा. तिसगावकडची एक मुलगी वसतिगृहात राहायची, तिचे तक्ते तपासायला माझ्याकडे आले. एका बाईच्या तक्त्यात सकाळ-संध्याकाळ मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी आणि उकडलेला भोपळा. खाली रकाना होता, सध्या काही पथ्य आहे का? आहे, कावीळ. किती दिवसांपासून? मुलीने लिहिलं होतं, चौदा वर्षे.

मी लाल पेनाने "वर्षे" खोडलं आणि "दिवस" केलं.

मुलगी म्हणाली, "मॅडम, वर्षंच हाये ते. मी दोनदा इचारलं."

मी म्हणाले, "अगं, चौदा वर्षं कुणाला कावीळ असते का? डोकं वापरत जा जरा." तिचे मी दोन गुणही कापले.

ते तक्ते पुढे बाईंकडे गेले. त्यांनी त्या मुलीला बोलावून काय विचारलं, मला माहीत नाही. एवढंच आठवतं, की त्यानंतरच्या शनिवारी सल्लाकेंद्रात एक विद्यार्थिनी पेशंटला चार्ट समजावून देत होती आणि शेवटी नेहमीचं वाक्य म्हणाली, "आम्ही सांगेपर्यंत सोडायचं नाही हं." हे वाक्य आम्ही सगळ्या म्हणतो. मला माझ्या कॉलेजातल्या शिक्षिकेने शिकवलं, मी मुलींना शिकवलं. बाईंनी टेबलावर अशी थाप मारली की वजनकाटा उडाला. "कधी सांगणार आहेस?" त्या ओरडल्या. "बोल ना, कधी सांगणार आहेस? तारीख सांग!" पेशंट चप्पल शोधायला लागला. मी बाईंना इतक्या वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि बाईंचं आता वय झालं अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

तर त्या रविवारी आम्ही नगरपर्यंत एका एसटीने आणि तिथून पाथर्डीच्या एसटीने गेलो. करंजीचा घाट उतरेपर्यंत बाई पायातल्या बुटांकडे बघत होत्या. उतरायच्या जरा आधी म्हणाल्या, "ही माझी तिसरी खेप. दोनदा गावाच्या वेशीवरूनच परत गेले. आज तुम्ही बरोबर आहात म्हणजे पळता यायचं नाही."

घर वस्तीवर होतं. पत्र्याची पडवी, पुढे बाजरीच्या वाळक्या सरमाडाची गंज, दावणीला दोन गाई. बाईंनी दारातच हलक्या आवाजात ओळख सांगितली, तशी सुनेने हसून पाणी दिलं. "आक्का, डाक्टरीनबाई आल्या वं तुमच्या!" आत हाक मारली.

आक्का बाहेर आल्या. साठ-बासष्ट वर्षांच्या असतील, पण दिसत होत्या पंचाहत्तरच्या. हातापायाच्या काड्या. कातडी कोरडी, सालपट निघाल्यासारखी. भिंतीला हात लावत आल्या. "सांज झाली का मला दिसाया कमीच हाय," म्हणाल्या. तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि पडवीत जरा अंधारून आलं होतं. चौदा वर्षं पोटात तेलाचा थेंब नाही म्हटल्यावर डोळ्यांचं काय होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. समोर पहिल्यांदा पाहिलं.

सुनेने आग्रहाने ताटं केली. शेंगोळे, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वरून कच्चं तेल. चुलीच्या कडेला एक लहान ॲल्युमिनियमचं पातेलं वेगळं ठेवलं होतं, बाहेरून घासून घासून पातळ झालेलं. "ते आक्काचं," सून कौतुकाने म्हणाली. "त्याच्यात दुसरं काय शिजवत न्हाई आमी. आमच्या लग्नात बी आक्का ते पातेलं घिऊन मांडवात बसल्या व्हत्या. पुरनपोळीला हात लावला न्हाई. लई कडक हायेत पथ्याला."

मी घास हातात घेऊन बसले होते. मग तिने भिंतीकडे बोट दाखवलं. देव्हाऱ्याशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला एक कागद. मी उठून जवळ गेले. मऊ भात. मुगाचं पाणी. दुधी, भोपळा उकडून. तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं बंद. तिखट, तळण बंद. आणि खाली दोन रेघा मारून, मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.

"शाई उडाया लागली का दिवाळीला मी पेनानं गिरवते," सून म्हणाली.

गिरवून गिरवून अक्षरं जाड झाली होती, पण वळण लपलं नव्हतं. तो "ळ" मी रोज आमच्या हजेरीपटावर बघत होते. मागे वळून पाहिलं तर बाई ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

कॉलेजात यायच्या आधी बाई नगरच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ होत्या. त्या काळी कावीळ झाली की तेल-तूप बंद, हे सगळेच डोळे झाकून लिहीत. बाईंनीही लिहिलं. महिनाभरात त्यांना कॉलेजची ऑर्डर आली आणि त्या कोपरगावला निघून गेल्या. हे सगळं त्यांनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं. त्या क्षणी मात्र, जी बाई अध्यक्षांना ताटावर बसवून त्यांचंच पुस्तक खायला घालते, तिच्या तोंडून शब्द फुटेना, हे बघून मला भीती वाटायला लागली.

शेवटी त्या म्हणाल्या, "आक्का, पथ्य सुटलं."

आक्कांनी ऐकलं. पदर सारखा केला. "सुटलं?"

"हो. सगळं खायचं आता. हळूहळू, पण सगळं."

"म्हंजी मी बरी झाले?"

"बऱ्या झालात."

"तुमी म्हनला व्हता, मी सांगंस्तवर सोडू नका," आक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्या नुसता हिशेब जुळवत होत्या. "मी दोनदा आले वं नगरला इचाराया. तिथली पोरगी म्हनली, त्या बाई गेल्या, त्योच कागद चालू ठेवा. मला वाटलं, तुमी याल कधीतरी. आलाच न्हाई तर कसं सोडायचं? पथ्यानंच तर जगले मी." मग त्यांनी विचारलं, "खरं सांगा डाक्टरीनबाई. कधी सुटलं व्हतं?"

मला वाटलं, बाई आता काहीतरी सावरून घेतील. आजच सुटलं म्हणतील. मी असते तर तेच म्हणाले असते, आणि ते दयेचंही झालं असतं.

बाई म्हणाल्या, "सहा आठवड्यांनी."

सून हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली. दावणीची गाय हंबरली. आक्का बोटं मोजत होत्या. "आखाडात पडले व्हते मी," त्या पुटपुटल्या. "सहा आठवडे. म्हंजी पोळ्याच्या आत." त्या वर्षीच्या पोळ्यालाच त्यांना पोळी खाता आली असती, आणि त्यानंतरच्या सगळ्या सणांना, मुलाच्या लग्नात, नातवंडांच्या बारशाला.

बाईंनी हात जोडले. सलाम करणाऱ्या बाईंना हात जोडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "चूक माझी आहे आक्का. मी तारीख लिहिली नाही."

आक्का वळल्या. भिंतीला धरत चुलीपाशी गेल्या. ते लहान पातेलं उचललं, त्यातला भात गाईपुढे रिकामा केला, पातेलं विसळलं, आणि आणून बाईंच्या ओटीत ठेवलं.

"हे घिऊन जा," म्हणाल्या. "तुमचं हाय."

एसटीत बाई ते पातेलं मांडीवर धरून बसल्या होत्या. कंडक्टरने दोनदा विचारलं, मावशी, पिशवीत घाला की. त्यांनी घातलं नाही. राहुरीच्या पुढे कधीतरी मी म्हणाले, "बाई, दोन्ही फेऱ्यांत तुम्हाला मी एक दिला होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "गुणांचे कागद टेबलावर पसरून बेरीज करता. तुमचा एक तुम्ही डोक्यावर दांडी काढून लिहिता."

चार दिवसांनी सुनेचा फोन आला. आक्कांनी भजी खाल्ली, पोट बिघडलं, दिवसभर हैराण झाल्या, आणि संध्याकाळी पुन्हा भजीच मागितली. बाई फोन ठेवून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेना. मग उठून त्यांनी आक्कांसाठी नवा कागद केला, तेल रोज किती चमचे, भज्यांना कधीपासून परवानगी, आणि डोळे नगरला कुठे दाखवायचे. प्रत्येक ओळीपुढे तारीख होती.

तिसऱ्या फेरीत मी पाच दिले. संगमनेरच्या बाईंनीही दिले असावेत, आकड्यावरून तसं वाटलं. पण सरासरी चारपर्यंत पोचली नाही. अध्यक्षांचा निरोप आला, की मुद्दा रास्त आहे, परंतु तो गृहीतच असल्याने वेगळा नोंदवण्याची गरज नाही. नऊ मूळ संकल्पनांची यादी छापून आली. त्यावर आमच्या मुली आता परीक्षा देतात. मी त्या तिसगावच्या मुलीचे कापलेले दोन गुण परत द्यायला गेले, तेव्हा तिचा निकाल लागून वर्ष होत आलं होतं.

बाई मे महिन्यात निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात जेवल्या नाहीत, भाषणही केलं नाही. आता श्रीरामपूरला बहिणीकडे असतात आणि आठवड्यातून एकदा फोन करून मी काय जेवले ते विचारतात. जायच्या दिवशी त्यांनी कपाट रिकामं केलं, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, आणि किल्लीशेजारी ते पातेलं. चिठ्ठी वगैरे काही नाही.

महिनाभर मी ते नुसतं बघत होते. मग एका शनिवारी सल्लाकेंद्राच्या जुन्या वह्या काढल्या. दहा वर्षांत मी लिहिलेल्या चार्टच्या कार्बन प्रती. पानामागून पान उलटलं. एकावरही शेवटची तारीख नव्हती. प्रत्येकाच्या तळाशी माझ्या सुबक अक्षरात तेच वाक्य, दोन रेघा मारून.

फोन करायला बसले. पहिला नंबर बंद होता. दुसरे गृहस्थ मनापासून हसले, "मॅडम, त्ये पथ्य तर मी तुमच्या फाटकातच सोडलं व्हतं," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचे आभार मानले.

तिसरं नाव साखर कारखान्यातल्या एका कामगाराचं होतं. चार वर्षांपूर्वी जठराचं ऑपरेशन झालं होतं, मी मऊ आहार लिहिला होता, दाताखाली काही येता कामा नये असा. तो साधारण महिनाभराचा असतो. फोन त्यांच्या बायकोने उचलला. मी नाव सांगितलं, तशी ती एकदम अदबीने बोलायला लागली.

"व्हय मॅडम, चालूच हाय ना. समदं मिक्सरमधूनच देते. एक मिक्सर जळाला, दुसरा आनला. तुमी सांगितल्याबिगर कसं सोडायचं?"

माझ्यासमोर टेबलावर ते पातेलं होतं.

पलीकडून तिने जरा दबकत विचारलं, "मंग मॅडम, आज त्यांना भाकरी देऊ का?"